परसों

२८ ऑगस्ट १९९४, अंबरपेठ, हैदराबाद
नांदेड सुटलं, परदेशी फ्रिज विकणाऱ्या कंपनीत चिकटलो, आणि आता बाजारात नव्याने आलेली गिअरची सायकलही दारात उभी आहे. आई म्हणते, गौतमा, घोडा झालास तरी अक्कल नाही. नसू दे. आज विकीच्या सायकल मंडळाने मला घेतलं! हिमालयातली तेरा हजार फुटांवरची खिंड सायकलने ओलांडायची. तिथे फोटो काढायचा आणि आईच्या हातात नेऊन द्यायचा, एवढं एकच डोक्यात आहे.

विकीचं बेगम बाजारात मसाल्याचं दुकान. घरी मराठी, पण रंगात आला की दखनी सुरू. आपला 'च' त्यांच्या बोलीत असा खुशाल नांदतो की ऐकत राहावं. मी नवा, म्हणून शेपूट मी. शेपूट म्हणजे सगळ्यांत मागचा गडी. कुणालाही मागे टाकून त्याने पुढे जायचं नाही, हा मंडळाचा पक्का नियम. आधी हे काम कुणाकडे होतं विचारलं तर विकी म्हणाला, "परसोंच श्रीपती था पीछे." म्हणजे परवापर्यंत तो होता, आता मी. बिचारा रुसला नाही म्हणजे मिळवली.

४ सप्टेंबर, मनाली
सिकंदराबादहून गाडी, दिल्लीहून बस, टपावर सायकली. मंडळातली मेधा बँकेत आहे, पण तिचा सगळा जीव गोंगुऱ्याच्या, म्हणजे आपल्या अंबाडीच्या, लोणच्याच्या बरणीत. प्रवासभर मांडीवर घेऊन बसली होती. श्रीपती काही दिसला नाही. काहीजण आधीच्या गाडीने आले, त्यांत असेल.

६ सप्टेंबर, कोठी
पहिलाच चढ आणि माझं डोकं फिरलं. श्रीपती माझ्या मागे! काळी, बिनगिअरची सायकल, कानाला मफलर. प्रत्येक वळणावर घंटी वाजवतो. मी थांबलो की तोही थांबतो. श्रीपती ना, असं विचारलं तर मान हलवली, बस. त्याला टाकून जाता येत नाही आणि तो काही पुढे सरकत नाही.

पोचलो तेव्हा तंबू लागले होते, चहा संपला होता. मागच्यामुळे उशीर झाला म्हणालो, तर मेधा हसायला लागली. मागे तर तूच आहेस, नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाली. श्रीपती तंबूकडे फिरकलासुद्धा नाही. माणसाने रुसावं तरी किती?

८ सप्टेंबर, मढी
आजही तेच. चढ, घंटी, चढ, घंटी. पुन्हा चहा संपलेला, पुन्हा टोमणे. उद्या खिंड. या माणसापायी माझी खिंड हुकणार असेल तर काय उपयोग! दुपारी सायकल आडवी घातली आणि सरळ त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, उद्या तू हो पुढे, मागे मी राहतो.

त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पक्का?"

मी म्हटलं, हौ, पक्का.

तो हसला. त्याच्या मिशीवर बर्फ होतं. चांगलं लख्ख ऊन पडलं होतं तेव्हा.

९ सप्टेंबर, मढी, सकाळ
न्याहारीला विकी सांगत होता, "परसों मेरी शादी हुई." त्याची मुलगी शाळेत जाते. परवा कसं लग्न होईल, असं मी विचारलं तर मेधाला ठसकाच लागला. हैदराबादेत परसों म्हणजे परवा नव्हे म्हणाली, गेलेला कुठलाही दिवस, अगदी निजामाच्या काळातलासुद्धा.

माझा घास हातातच राहिला. मग श्रीपती?

कुणी हसलं नाही. विकीने सांगितलं, मंडळाची ती पहिली सफर, गिअरच्या सायकली यायच्या आधीची. याच चढावर तो म्हणाला, "चलो तुम, मैं आतूँ." ही मंडळी पुढे गेली. तो सापडला नाही. सायकलही नाही.

मी सगळं सांगितलं. विकी म्हणाला, वर हवा विरळ असते, पाणी पी. तरी मला मधे घेतलं, शेपूट स्वतः झाला. मला भीती वाटते आहे. पण परत फिरणार नाही. फोटो हवाच.

तोच दिवस, वर
धुकं. चेन उतरली. थांबलो. मेधा गेली, बाकीचे गेले. हाका मारल्या. विकी हाताच्या अंतरावरून गेला, माझ्याकडे बघत — माझ्या आरपार बघत —

घंटी.

तो आला. पुढे गेला. जाताना म्हणाला, "पक्का बोले थे ना."

मागे कुणी नाही. मागे मी.

तारीख १० सप्टेंबरच असेल
वळण. पुन्हा वळण. खिंड येत नाही. भूक लागत नाही, हीच मोठी —

माणसं दिसली! चहाची टपरी. विकी! एवढा संताप आला — पण त्याची दाढी पांढरी कशी? काल तर काळीभोर —

मेधा नाही. सगळ्यांत मागे एक नवी मुलगी आहे, रेणुका. विकी तिला सांगतोय. "परसोंच गौतम था पीछे. नांदेड का."

परसों कसलं? कालच तर — विकी, अरे इकडे बघ, मी इथे —

तो बघत नाही. ती बघते.

संध्याकाळ
मी तिच्या मागे आहे. घंटी मी वाजवत नाही, वाजते. ती वैतागली आहे. आत्ताच सायकल आडवी घालून ओरडली, उद्या तू हो पुढे, मी राहते मागे.

नको, बाई. असं म्हणू नको. मी काही विचारणार नाही. आईशप्पथ, नाही विचारणार. पण खिंड तिथेच आहे, समोर दिसते आहे, आणि तोंडातून आपोआप — पक्