गाडीला लागलेली उचकी

आई,

बाबांच्या गाडीला लागणाऱ्या उचकीबद्दल आपण दोघी नंतर कधी बोललोच नाही. तू बोलली नाहीस, कारण तुझ्या लेखी तो विषय संपला होता. आणि मी बोलले नाही, कारण माझ्या लेखी तो संपतच नव्हता. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या लुगड्यांच्या गोधड्याही विरल्या. तरी म्हटलं, एकदा लिहून बघावं. लिहिताना मध्येच कुणी तोडत नाही, आणि तू तर हमखास तोडायचीस.

उचकी हा शब्द तुझाच. गॅरेजवाले त्याला मिसिंग म्हणायचे, माझ्या कारखान्यातले साहेब काहीतरी इंग्रजी बोलायचे. पण गाडी करायची ते अगदी उचकीसारखंच होतं. रेस द्यायची, गाडीने पुढे जायचं, आणि नेमकं तेव्हाच मागून कुणी हाक मारल्यासारखं ती क्षणभर थबकायची. मग एक हिसका, आणि पुन्हा नीट. नेरूळहून निघून बेलापूरला पोचेपर्यंत हे एकाच ठिकाणी व्हायचं. उरण फाट्याच्या अलीकडे मिठागराच्या जुन्या बांधावर रस्ता थोडा चढून वळायचा, तिथे. बाबा गेले तीच ती जागा.

तेव्हा नेरूळ म्हणजे नुसत्या बांधलेल्या इमारती आणि त्यांच्यामध्ये वाढलेलं गवत. खाली उतरून बघावं तर माणूस दिसायचा नाही, आणि दुपारी खाडीकडून वारा आला की रिकाम्या फ्लॅटांची दारं आपोआप आपटायची. तू म्हणायचीस, अजून माणसं राहायला आली नाहीत, पण कुणीतरी आलंय खास. त्या ओसाडीत बाबांची ती जुनी पांढरी गाडी म्हणजे आपला एकमेव थाट होता. बाबा तिला घड्याळजीसारखे सांभाळायचे. जरा आवाज बदलला की गाडी बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचे आणि मूठ कानाला. आधी कान, मग हात, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला त्याचा इतका कंटाळा यायचा!

ते सापडले तेही तसेच. गाडी रस्त्याच्या कडेला व्यवस्थित लावलेली, हँडब्रेक ओढलेला, बॉनेट वर. आणि बाबा स्टिअरिंगसमोर नव्हते. पुढची सीट सलग होती, तिच्यावरून सरकून ते डावीकडे बसले होते, स्क्रूड्रायव्हर मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास फारसा झाला नसेल. ते डावीकडे का सरकले, याचं उत्तर डॉक्टरांपाशी नव्हतं. बायका कुजबुजल्या की दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालवायला जागा करून दिली असणार. तू ते ऐकलंस. मीही ऐकलं.

पुढे त्यांच्या जागी तुला नोकरी लागली, त्याच ऑफिसात, खिडकीजवळच्या त्यांच्याच टेबलावर. मामा म्हणाला गाडी विक, आणि तू गाडी शिकलीस. पांढऱ्या कपाळाची बाई गाडी चालवते म्हणून सोसायटीतल्या बायका गॅलरीत येऊन बघायच्या. पहिल्याच आठवड्यात तू घरी येऊन चहा टाकता टाकता म्हणालीस, "अगं, बांधावर तिला उचकी लागते." इतकं साधं, की मांजराने दूध प्यायलं म्हणावं.

मी घाबरले, ते भुताखेताला नाही. त्या चढावर मागून बंदराकडे जाणारे ट्रक यायचे. नवशिकी बाई, वळण, आणि ऐन वेळी थबकणारी गाडी. एकदा मी शेजारी बसले असताना गाडी थबकली आणि मागच्या ट्रकचा हॉर्न थेट पाठीत शिरला. बाबा गेले, आता तूही त्याच जागी जाणार, असं मला दिसायला लागलं. आणि तुला त्याचं काहीच वाटत नव्हतं याचा मला संताप यायचा. तू म्हणालीस, आधी कान लाव. मी म्हटलं, कान लावायला वेळ नाही.

मी नुकतीच डिप्लोमा होऊन जवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात लागले होते. तिथे एकजण गाड्यांच्या शर्यतींत भाग घ्यायचा. त्याच्या नादाने मला वाटायचं की दुबळेपणावर एकच औषध, जास्त ताकद. कुर्ल्याच्या बाजारातून मोठा कार्बोरेटर आणला, जास्त ठिणगी देणारी कॉइल आणली, मोकळा वाजणारा सायलेन्सर आणला. शेजारच्या शिरवणे गावातल्या गॅरेजवाल्याला सांगितलं, सगळं चढव. तो गावातलाच, मिठागरावर वाढलेला. त्याने सामान उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "ताई, मी लावतो, पन रोग तसाच हाय. आनि त्या बांधावर नारल ठेवलाव का कदी? आमचे म्हातारे ठेवल्याबिगर जात नसत." मी हसले. तू मात्र गंभीरपणे त्याला सांगितलंस की ह्यांना नारळाने पित्त व्हायचं.

गाडी वाघ झाली. सुरू केली की तिसऱ्या मजल्यावरच्या काचा थरथरायच्या. तू हातातला रुमाल कानाला लावून बसलीस आणि म्हणालीस, लग्नाच्या वरातीतला बँडवाला बरा. पण सरळ रस्त्यावर ती अशी सुटायची की माझ्या अंगावर शहारे यायचे. बांध आला. मी रेस दिली. उचकी लागली. आणि आता त्या उचकीतही ताकद आली होती, गाडी नुसती थबकली नाही, एखाद्याने खांद्याला धरून मागे ओढावं तशी ओढली गेली. माझं डोकं मागे आपटलं. सोन्याचे दात बसवले तरी दाढदुखी ती दाढदुखीच, असं तू तिथल्या तिथे ऐकवलंस.

त्यानंतरच्या सुट्टीची दुपार मला आत्ता चालू असल्यासारखी दिसते. वैशाख आहे, ऊन असं की मिठाच्या ढिगांकडे बघवत नाही. भर बाराची वेळ, ज्या वेळी तू मला केस मोकळे सोडून खाली उतरू द्यायची नाहीस, आणि तूच म्हणतेस, चल. चालवते आहेस तू. बांधाच्या अलीकडे तू बोलायला लागतेस. उचकी लागली की आपण करतो तेच, आठवण कोण काढतंय ते शोधायला एकेक नाव घेणं. मामाचं नाव घेतेस, गाडी हिसका देते. आत्याचं घेतेस, पुन्हा हिसका. गावाकडच्या गेलेल्या सासूबाईंचं घेतेस. माझं घेतेस. चढ संपत नाही आणि हिसके थांबत नाहीत. मी म्हणते, आई, बस कर, इंजिन आहे ते. तू गाडी कडेला घेतेस, त्याच जागी, हँडब्रेक ओढतेस. इंजिन चालूच आहे, धडधडतंय, मध्येच आचके देतंय.

"एकच नाव राहिलंय," तू म्हणतेस. "तू मागे बस."

मी का म्हणून विचारत नाही. उतरते, मागचं दार उघडून बसते. तुझ्या डावीकडची सीट रिकामी राहते. तुला बाबांचं नाव घेताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. हे, ते, अहो, आमच्या घरी. रेशनकार्डावर नाव सांगायची वेळ आली तरी तू मला पुढे करायचीस. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, आणि बाबा गेल्यावर तो रस्ताही बंद झाला होता. हळदीकुंकवाला तुला कुणी बोलवत नव्हतं, मग नाव घे म्हणून आग्रह कोण करणार? तू पदर खांद्यावरून घेतेस. समोर बघत, लग्नात बोलतात तशा लाजऱ्या आवाजात म्हणतेस,

"मिठागराच्या बांधावर खारा सुटला वारा, अमुकरावांचं नाव घेते, वाट सोडा जरा."

अमुकराव मी इथे लिहितेय. तू नाव घेतलंस, पुरं, स्वच्छ. आणि इंजिन बसलं. बंद पडलं नाही, बसलं, रडून रडून मूल झोपावं तसं. त्या मोकळ्या वाजणाऱ्या सायलेन्सरचा आवाजसुद्धा खाली आला, बाबांच्या वेळी यायचा तितका. सीटची स्प्रिंग एकदा करकरली. ती तुझ्या बाजूची होती की रिकाम्या, ते मला मागून कळलं नाही. वारा नव्हता. मला इतकी थंडी वाजली की मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. तू मान जराशी डावीकडे वळवलीस, गिअर टाकलास आणि आपण बेलापूरच्या किल्ल्यापर्यंत जाऊन आलो.

उचकी गेली. त्या दिवसापासून डावीकडची सीट कुणाला मिळाली नाही. ऑफिसातल्या बाई लिफ्ट मागायच्या त्यांनाही तू मागे बसवायचीस. त्या म्हणायच्या, तुमच्याबरोबर टॅक्सीत बसल्यासारखं वाटतं. मला ते सहन होईना. मला भुताची भीती नव्हती, मला तुझी वाटायला लागली. माझी आई त्या बांधावरून रोज थोडीथोडी पलीकडे जाते आहे असं वाटायचं. म्हणून पावसाळ्याआधी मी सगळे कुर्ल्याचे पार्ट उतरवले, जुने होते ते परत लावले आणि पहिल्यांदाच बाबांचा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून शोधायला बसले.

सापडलं. ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीखाली एक बोटभर तार असते. रेस दिली की आतली पट्टी किंचित फिरते आणि ती तार ताणली जाते. वरचं वेष्टण धडधाकट, आतून तार तुटलेली, टोकाला टोक टेकून उभी. चढावर, वळणावर, पाय दाबला की टोकं सुटणार आणि गाडी थबकणार. मला इतका आनंद झाला की मी तेलाच्या हातांनीच तीन मजले चढून वर आले आणि ती तार तुझ्यापुढे धरली. म्हटलं, बघ, ही तुझी उचकी.

तू पोळी लाटत होतीस. तार हातात घेतलीस, वाकवून बघितलीस. "कधी तुटली असेल?" विचारलंस. मी म्हटलं, जुनी आहे, टोकं काळी पडलीत, बाबांच्या वेळचीच. म्हणूनच ते त्या दिवशी ऐकायला थांबले असणार. तू मान हलवलीस. मग तव्यावरची पोळी उलटलीस आणि विचारलंस, "मग मी नाव घेतल्यापासून ही तुटकी तार कशी चालली गं?"

माझ्या डिप्लोमात ते नव्हतं. पंधरवडा उलटून गेला होता, तू रोज त्याच चढावर रेस देत होतीस, आणि तार तुटलेलीच होती. तू तार मला परत दिलीस, म्हणालीस, बदल, तुटकी कशाला ठेवायची. मी नवी घातली, तुटकी जपून ठेवली. तरीही सीट तू शेवटपर्यंत रिकामीच ठेवलीस, आणि मीही पुन्हा कधी तिथे बसले नाही.

आता तिथे मिठागर नाही, बांध नाही, वर पूल आहे आणि माझ्या गाडीत काय बिघडलंय ते गाडीच पडद्यावर लिहून दाखवते. आज सकाळी बेलापूरकडे जाताना त्याच वळणावर गाडी सुरळीत चढली आणि उचकी मला लागली. पाणी प्यायले, श्वास कोंडला. मग लेकीचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं. आमच्या पिढीला ते सोपं आहे. मामाचं, बाबांचं घेतलं. आई म्हणूनही बघितलं, पण ते नाव नव्हेच. तुझं नाव तेवढं उरलं, जे मी आयुष्यात एकदाही घेतलेलं नाही. आईचं नाव कोण घेतं?

हे पत्र कुठे टाकणार! गाडीच्या खणात ठेवीन, त्या तारेशेजारी. एक मात्र सांगते. सकाळपासून उचकी थांबलेली नाही, हे लिहितानाही अक्षर हलतंय, आणि तुझं नाव अगदी जिभेवर आहे. मी ते घेत नाहीये. घेतलं तर थांबेल.