अण्णांची सागाची पाचर

तीर्थरूप अण्णा,

हात तेलकट आहेत, कागदाला डाग पडतील. पण धुवायला उठलो तर लिहिणं राहून जाईल. मघाशी आपल्या होडीचं इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट जोडणारं कपलिंग पाण्यातल्या पाण्यात उघडलं, आणि तेव्हापासून आत्तापर्यंत धरणाच्या काठावर नुसत्या येरझाऱ्या घालत होतो.

तुम्ही गेल्यापासून होडी थरथरते आहे. शीड उतरवून इंजिन चालू केलं की सगळ्या फळ्या वाजतात. पलीकडच्या वाडीची सखूआत्या काल म्हणाली, "अण्णा हुते तवा व्होडीत डोळा लागायचा. आता लई भ्या वाटतं." गरोदर सुनेला तिने लांबच्या वाटेने चालवत नेलं. म्हणून आज कपलिंग उघडायला बसलो.

त्याआधी पाण्यातला पंखा बदलला, इंजिनाचे बोल्ट आवळले. दोष जुन्या लाकडावर ढकलला.

आठवतं ना, दुष्काळात पाणी आटलं तेव्हा होडी काठावर ओंडक्यांवर घेतली होती? शाफ्टच्या नळीतून मी दोरी ताणून सरळ रेष पाहिली, तर शाफ्टला पंख्याजवळ धरणारं ब्रॅकेट सूतभर खाली. त्याच्या बुडाशी तुम्ही ठोकलेली सागाची पाचर होती. चारचौघांसमोर मी म्हणालो, "अण्णा, तुमाला आता दिसत न्हाई. सरका."

तुम्ही एवढंच बोललात, "पान्यात बघ, मग काढ." पाना खाली ठेवलात आणि पुन्हा काठावर आलाच नाहीत. मी न ऐकता पाचर काढली आणि ब्रॅकेट वर घेऊन दोरीच्या रेषेत बसवलं. पाणी चढायच्या आत तर जग सोडूनच गेलात. भांडला का नाहीत? एक शिवी तरी हासडायची!

आज कपलिंग सुटलं आणि शाफ्टचं इंजिनाकडचं टोक सूतभर खाली सटकलं. म्हणजे पंख्याकडचं ब्रॅकेट वर होतं. ओंडक्यांवर आपल्या म्हाताऱ्या होडीची मागची बाजू लोंबते, पाणी तीच बाजू उचलून धरतं. पाणी जेवढं उचलतं, तेवढंच तुमच्या पाचरीने ब्रॅकेट खाली धरलं होतं.

आणि ती पाचर मी त्या दिवशी चुलीत घातली. त्याच विस्तवावरचा चहा तुम्हाला घरी पाठवला. तुम्ही तो प्यायलातही.

आता चैत्रात पाणी उतरेपर्यंत इंजिनाला हात लावणार नाही, शिडावरच माणसं नेईन. आजचं माप फळीवर कोरून ठेवलंय. नवी पाचर स्वतः तासेन. आणि ज्या चौघांसमोर तुम्हाला बाजूला केलं, त्यांनाच काठावर बोलावून सांगेन, अण्णांना सगळं दिसत होतं.

तुम्हाला 'सरका' म्हणालेला,
दत्तू