पदराआडची आई

रंजे,

तुला शिव्या घालायलाच लिहायला बसले. तू दुसरं लग्न करून सुरतेला गेलीस, तेव्हा माझ्याकडे ठेवलेली तुझी तनू रांगत होती. मी पदराआड तोंड लपवलं की तिला वाटायचं, मावशी संपलीच. भोकाड पसरायची. मग एक दिवस तिनंच पदर ओढला आणि खदखदा हसली. दिसत नाही ते माणूसही असतं, हे तिला कळलं.

पुढं केळाचे दोन तुकडे केले की नाचायची, "मला दोन केळी!" तेव्हा फसवणं सोपं होतं. आई कामाला गेली म्हटलं की गप्प बसायची.

आता तेरावं लागलंय, फसत नाही. आज मी भाकरी थापत होते, तर म्हणते, "मावशी, मम्मीला वाटत असेल मी नाराज आहे, इसलिए ती फोन करत नाही. डरत असेल बिचारी."

"तुला कोणी सांगितलं गं?"

"कोणी नाही. तिच्या जागी बसून पाहिलं."

माझी तव्यावरची भाकरी करपली, रंजे. मला हे कधी सुचलं नव्हतं.

आता ती माझ्या मोबाइलवरून तुलाच फोन लावून राहिली. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. तू फक्त फोन उचल, बाई. पदराआड बसू नको.

तुझी तोंडाळ बहीण,
कोकिळा
बुऱ्हाणपूर