कान न लावणारा फोन

दि. ९ नोव्हेंबर
रविवार, सकाळ

चि. बाईसाहेब,

खूप खूप आशीर्वाद. मी बरी आहे, तूही बरी असशील असं धरून चालते. पत्र बघून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही, लग्नाची आमंत्रणपत्रिकाही नाही. तुझ्या नव्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘खाजगी’ लिहिलं आहे, म्हणजे तुझ्या ऑफिसातले सगळे ते उजेडात धरून बघणार. तेव्हा आधी तूच फोड.

फोन सोडून पत्र का, तर तुझा नंबरच माझ्याकडे राहिला नाही. हस हवं तर. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले. डॉक्टरांपासून लाकडाच्या वखारीपर्यंत अख्ख्या गावाचे नंबर तोंडावर होते. आणि घरातल्या सुनेचा नंबर विचारला तर शेवटी सात आहे, यापुढे माझी गाडी जात नाही. तुझ्या नावावर बोट ठेवलं की तू बोलायचीस, मग पाठ कशाला करायचा? त्या आळसाची चांगली फळं मिळाली.

नंबर गेला कसा ते सांगते. आपल्या तिघांच्या फोनवर एकच खातं होतं, आठवतं ना? तू तेव्हाच म्हणाली होतीस, “आई, तुमचं तुमचं वेगळं असू दे, पुढे घोटाळा होईल.” पण तुझ्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या मुलाला, सोय हवी होती. तुम्ही वेगळे झालात, तो बदली घेऊन दुसऱ्या गावी गेला, आणि तिथे एकदा बसून त्याने त्या खात्यातून तुझे फोटो पुसले, नंबर पुसला. ते त्याचं तो जाणे. पण खातं एकच, त्यामुळे माझ्याकडचंही सगळं साफ. सकाळी उठून बघते तर टेकडीवरचे नाहीत, बागेतले नाहीत, मी निवृत्त झाले त्या दिवशीचा तू मला पेढीवरच्या मालकिणीसारखं खुर्चीत बसवून काढलेला, तोही नाही. मी चष्मा पुसला. फोन बंद करून चालू केला. पुसलेले फोटो काही दिवस कचरापेटीत असतात आणि परत आणता येतात, हे मला कळेपर्यंत ती पेटीही रिकामी झाली होती.

मग मी गप्प बसले आणि तूही गप्प. तुला वाटलं असेल, म्हातारी शेवटी लेकाच्या बाजूने गेली. असं वाटलं असेल तर तुला बोल लावता येणार नाही, कोणालाही वाटेल. मधल्या काळात मला काही अनोळखी नंबरांवरून फोन आले. ‘ओळखीचा नसेल तर उचलायचा नाही’ असं तूच दटावून ठेवलं होतंस, म्हणून मी इमानदारीने एकही उचलला नाही. आता रोज मनात येतं, त्यातला एखादा तुझा तर नव्हता? नावच पुसलेलं, तर तूसुद्धा अनोळखीच दिसणार. हा विचार आला तेव्हा मी भांडी घासत होते, तशीच ओल्या हातांनी खुर्चीवर बसले.

असो. बातमी अशी की मी फोन बदलला. म्हणजे फोन तोच, आतलं बिऱ्हाड बदललं.

आपल्या गल्लीच्या टोकाला, बेकरी आणि वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या मधे, एक फोन दुरुस्त करणारी बसते. तू असताना तिथे छत्र्या मिळायच्या. बाई तुझ्याच वयाची, बोलते फटाफट, आणि हातातला चिमटा न ठेवता चहा पिते. टेबलावर पोटं उघडी पडलेले फोन. मला म्हणाली, “काय झालंय काकू, पडला का?”

“पडला नाही. मला असा करून दे, की यातलं माझं कोणी दुसऱ्या गावात बसून पुसणार नाही.”

“बरं. आणि?”

“आणि जो कान लावून बसणार नाही.”

तेव्हा मात्र तिने चिमटा खाली ठेवला. मी तिला आमच्या एक्स्चेंजचा नियम सांगितला. तुला कधी सांगितला होता की नाही आठवत नाही. मी नवीन असताना आमच्या मोठ्या बाईंनी शिकवलं होतं, लाइन जोडायची, दोन्हीकडून ‘हॅलो’ ऐकू आलं की कान काढायचा. भांडण असो, सोयरीक असो, आपलं काम जोडून द्यायचं. काही मुली चोरून ऐकायच्या. त्यांना पुढे बाजारात त्याच लोकांशी नीट नजर मिळवून बोलता यायचं नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

ती म्हणाली, “मग तुम्हाला ओपन सोर्सची ॲप्स लागतील. आत काय लिहिलंय ते जगाला दिसतं. लबाडी केली की कोणीतरी बोंब मारतंच.”

“मी कुठे वाचायला जाणार आहे?”

“तुम्ही नका वाचू, वाचणारे आहेत. रस्त्यावरून स्वयंपाकघर दिसत असलं ना काकू, की आतला माणूस आपोआप हात धुतो.”

हे मला पटलं. आठवडाभर रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसत होते. तिने फोन आधी पार कोरा केला, मग एकेक ॲप घालून बघायचं, दोन दिवस वापरायचं, पसंत नसलं तर काढायचं. मुलगी बघायला जावं तसा थाट. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, तुला काय काय लागतं? जुन्या विजेरीच्या ॲपला माझे सगळे फोन नंबर हवे होते. आता उजेड पाडायला नंबर कशाला? ते गेलं. नवी विजेरी काहीच मागत नाही, मुकाट्याने पेटते. हवामानाच्या ॲपला फक्त गावाचं नाव सांगितलं, घर दाखवलं नाही. नकाशा सगळा फोनमध्येच भरून घेतला, इंटरनेट नसलं तरी चालतो. त्यात आपल्या मागच्या पायऱ्या नव्हत्या, तर दुरुस्तीवाली म्हणाली, घाला तुम्हीच. घातल्या. आता साऱ्या जगाला आपल्या मागच्या पायऱ्या दिसतात, शेवाळ सोडून. रेडिओचं ॲप मात्र दिसायला अगदीच ध्यान आहे, पण गुणी आहे, ठेवलं. बँकेचं होतं तेच राहिलं, तिथे माझा हट्ट चालला नाही.

कीबोर्डने त्रास दिला. जुना कीबोर्ड मी ‘आज’ लिहिलं की पुढे तुझं नाव आणून ठेवायचा. नव्याला तुझं नावच माहीत नाही. तो इंटरनेटकडे जात नाही, आपण शिकवू तेवढंच शिकतो. मी दुकानात बसून तुझं नाव लिहीत राहिले, तो ते सोडून भलतंच सुचवत राहिला. शेवटी शिकला. दुरुस्तीवालीने विचारलं, “लेक का?” मी हो म्हटलं.

आता जे सांगायला बसले ते. फोनमधलं सगळं एका छोट्या कार्डावर उतरवून ठेवणारं एक ॲप तिने घातलं, म्हणजे पुन्हा काही गेलं तर घरातच एक प्रत. भाषा मराठी केली. काम संपलं आणि पडद्यावर आलं: ‘ठेवलंय जपून, काळजी नको.’

मी बघतच राहिले. अगं, असं कोण बोलतं? अशा ठिकाणी ‘प्रक्रिया यशस्वीरीत्या पूर्ण झाली’ असलं काहीतरी असतं. हे वाक्य माझं आहे. पावती मागा, किल्ली मागा, सुईदोरा मागा, मी आयुष्यभर हेच म्हणत आले. तू ऑफिसातून आल्यावर असल्याच ॲप्सचं मराठी करायला बसायचीस, एक पै न घेता, आणि मी भाजी निवडता निवडता तुझी वाक्यं हाणून पाडायचे. “हे सरकारी झालं, माणसासारखं लिही.” किती वाद घातला आपण. तू चिडून लॅपटॉप मिटायचीस आणि पाच मिनिटांनी उघडून मी सांगितलेलंच लिहायचीस.

मला वाटलं, तेव्हाचंच असेल. म्हणून तिला विचारलं, हे ॲप जुनं आहे का? ती म्हणाली, “ॲप जुनं, पण कार्डावर उतरवायची सोय आत्ता मागच्या महिन्यात आली. हे वाक्यही तेव्हाचंच.”

मागच्या महिन्यात. म्हणजे घर सोडून तुला वर्ष होत आल्यावर. तू कुठल्या तरी खोलीत एकटी बसून माझं वाक्य लिहिलंस. मला रडू आलं. तिच्या दुकानात, त्या उघड्या फोनांसमोर, तोंडाला पदर लावून रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. तिने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि चहा सांगितला.

सोमवार

काल इथपर्यंत लिहून थांबले, कारण लेकाचा फोन आला. दर रविवारी येतो. मी त्याला सांगितलं, “तिला पत्र लिहिते आहे. तुझ्यापासून चोरून करायचं नाही, म्हणून सांगते.” आणि माझ्या फोनमधलं कसं गेलं तेही सांगितलं. हे मी त्याला इतके दिवस बोलले नव्हते. त्याचंही तेव्हा काही बरं चाललेलं नव्हतं.

तो म्हणाला, “तुझ्याकडचंही गेलं? आई, मला खरंच माहीत नव्हतं.” खोटं बोलताना त्याचा आवाज चढतो, तो चढला नाही. तेव्हा त्याने ते मुद्दाम केलं नाही, एवढं तुला त्याच्या वतीने सांगते. बाकीचं तुमचं तुमच्यात.

मग म्हणाला, “तिचा नंबर देऊ का?”

मी म्हटलं, “पुसलास ना?”

“पुसला. पण पाठ आहे.”

आणि सांगायला लागलासुद्धा. पहिले आकडे कानावर पडले आणि मी त्याला थांबवलं. माझा जीव त्या नंबरात अडकला होता, पेन्सिल हातात होती, तरी नको म्हटलं. विजेरीला चार प्रश्न विचारायचे आणि आपण मात्र मागच्या दाराने दुसऱ्याचा नंबर घ्यायचा, हे कसं चालेल? नंबर तुझा आहे. द्यायचा की नाही ते तू ठरवायचं.

तुमच्यात काय बिनसलं ते मी कधी विचारलं नाही. जोडून दिलं की कान काढायचा, हा नियम मी घरातही पाळला. भिंतीपलीकडून आवाज यायचे तेव्हा मी नळ सोडायचे. तो नियम कामावर ठीक होता. घरात तो बरोबर होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. तुला काय वाटतं ते कधीतरी सांग, मी ऐकून घेईन.

फोन हातात देताना दुरुस्तीवालीने शेवटची एक गोष्ट विचारली. मी कुठे चक्कर येऊन पडले, तर फोनला कुलूप असलं तरी कोणालाही पडद्यावर दिसतील अशी नावं घालता येतात, कोणाला कळवायचं त्यांची. “मुलाचं पहिलं घालते,” म्हणाली. मी म्हटलं, त्याचं दुसरं घाल. माझा मुलगा आहे, जीव आहे माझा, पण लहानपणापासून तिसऱ्या हाकेला ओ देतो. पडलेल्या बाईला तेवढा वेळ नसतो.

“मग पहिलं कोणाचं?”

“विचारून सांगते,” म्हटलं.

तर विचारते आहे. तू आता माझी कायद्याने कोणी नाहीस, हे मला कळतं. तू पुन्हा संसार मांडशील, मांडावास, आणि त्यात मी नाक खुपसायला येणार नाही. मी काही वरचेवर पडणारही नाही, गुडघे अजून शाबूत आहेत. पण मी पडले तर कोणीतरी तुला कळवावं, एवढं मला हवं आहे. नको असेल तर उत्तर पाठवू नकोस. मी समजून घेईन, पुन्हा लिहिणार नाही आणि रागावणारही नाही. वाईट मात्र वाटेल, ते आत्ताच लिहून ठेवते.

माझा नंबर तोच आहे.

तुझी,
अहो आई