पायांनी निवडलेला रंग

३ एप्रिल, मार्स्टाल, डेन्मार्क

सिग्नेचा फोन. "आई, बोट विकून टाका." सरळ! कशी आहेस, काय आहेस, काही नाही.

गेल्या सप्टेंबरात तिचा बाबा, अस्गर, बोटीच्या ओल्या डेकवर घसरला, मनगट मोडलं. तेव्हापासून लेकीचं हे पालुपद. तिचंही चुकत नाही. त्याच्या नजरेच्या मधोमध आता धूसर डाग आहे — कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, वाढतच जाणार.

पण टेर्ना विकायची? एकोणतीस फुटांची म्हातारी शिडाची बोट, आमच्या दोघांच्या हातची. मी म्हटलं, "या उन्हाळ्याचं ठरलंय. डेकला न घसरणारा रंग लावतोय." ठरलं-बिरलं काही नव्हतं. तोंडातून निघून गेलं!

४ एप्रिल

एगॉनच्या रंगाच्या दुकानात गेलो. त्याने डबेच डबे मांडले. "हे बघ थिरा, यात रबराचे बारीक कण आहेत, पायाला मऊ. यात आधीच वाळू कालवलीय. आणि हा दोन डब्यांचा — एकात दुसरा मिसळायचा, ओला असतानाच वर कोरडी वाळू भुरभुरायची, वाळला की पुन्हा एक हात."

"टिकेल कुठला?"

"डब्यांवर लिहिलंय, तिन्ही टिकतात." आणि हसला मेला!

अस्गर म्हणाला, "डब्यावरचं मला तसंही वाचता येत नाही. थोडा थोडा दे. चालून बघतो."

८ एप्रिल

बाहेर सहा अंश, म्हणून परवा तीन फळ्या स्वयंपाकघरातच रंगवल्या. अजून रायच्या काळ्या पावालासुद्धा रंगाचा वास येतोय.

आज अंगणात फळ्यांवर साबणाचं पाणी ओतलं आणि हा अनवाणी उभा.

"अरे, मोजे तरी घाल!"

"मोज्यांना काय कळतंय?"

वाळू कालवलेल्या फळीवर ओरडला, "ही किसणी आहे गं! गुडघा टेकला तर सोलून निघेल." रबरवालीवर मात्र चेहरा खुलला. मला वाटलं, झालं, ठरलं.

१० एप्रिल

पण टिकण्याचं काय? पायांना एका दिवसात कसं कळणार? बंदरावरच्या न्हाणीघराच्या दारात तिन्ही फळ्या ठोकून आले. तुडवू देत सगळ्यांना, बूट घालून!

१६ एप्रिल

पाऊस. अस्गर चिडचिडा. कॉफी सांडली, मी पुसली तर त्याचाही राग. संध्याकाळी मीच हात धरून धक्क्यावर नेलं. घरी येईपर्यंत त्याने हात सोडला नाही.

२८ एप्रिल

फळ्या काढून आणल्या. रबराच्या फळीला चक्क टक्कल पडलंय! भुरभुरलेली वाळू जागच्या जागी. अस्गरने सावकाश पाय फिरवले, दोनदा. "हीच. फक्त वाळू बारीक घे."

रंग फिकट राखाडी. पांढऱ्यावर ऊन चमकलं की त्याला होतं नव्हतं तेही दिसेनासं होतं.

मग म्हणाला, "आणि कडेकडेने ती किसणी लाव. वीतभर पट्टी. पायाला टोचलं की मी समजेन — डेक संपला, पुढे पाणी."

मी उगाचच डबा हलवत बसले. डोळे भरून आले होते. त्याला ते दिसलं नाही, हे बरंच झालं.

५ मे

कोरडा दिवस, चौदा अंश. डेक आधीच घासून, धुऊन ठेवला होता. मी गुडघ्यांवर बसून रंग ओढत गेले, मागून अस्गर चाळणीने वाळू भुरभुरत. "केकवर साखर!" म्हणाला. एका कोपऱ्यात ढीगच झाला. भांडलो. मग हसलो. दव पडायच्या आत आटोपलं. वरचा हात आणि कडेची किसणी उद्या-परवा. कंबर गेली!

१० मे

सिग्ने कोपनहेगनहून आली. कपाळावर आठ्या घेऊनच. बोटीवर चढली, बूट काढले, डोळे मिटले — आणि चालायला लागली. मी मागोमाग. कडेशी आली तशी थबकली.

"कळतं गं आई!"

"मला विचारायचंस," अस्गर म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा, बाबा. लाइफजॅकेट घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. रोज. वचन?"

वचन दिलं त्याने. विकायचं नाव काढलं नाही तिने.

१३ मे

आज पाण्यावर! वारा हलका. अस्गर पुढच्या टोकापासून एकटा चालत मागे आला, माझ्याजवळ टेकला आणि म्हणाला, "थिरा, लग्न करतेस माझ्याशी?" चौतीस वर्षं एका घरात, पोरगी एवढी वाढवली — लग्न तेवढं राहूनच गेलं होतं.

"आता कशाला रे?"

"अजून थोडं दिसतंय. मान तिरकी करून का होईना, नवरी बघून घेतो."

हो म्हणाले. सुकाणू सुटलं हातातून — शीड नुसतं फडफडत राहिलं!