पाळणा लांबवायचा का

पेण, २ डिसेंबर २०२४

चि. सौ. शीरास अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल तुझ्या सासूबाईंचा, डेबोराबाईंचा, फोन आला. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांच्या तपासणीला त्या तुझ्याबरोबर आल्या होत्या. नर्सने विचारलं म्हणे, पाळणा लांबवायचा का. बाईंनी सांगून टाकलं, व्हय गो, लांबव, आमचा धाकला एलियाह इस्रायलातून, अश्दोदहून येईपर्यंत पोरीचं नाव ठेवायचंच नाय.

पाळणा लांबवणं म्हणजे पुढचं मूल लांबवणं, हे त्यांना कोण सांगणार? मग तू दहा मिनिटं आत होतीस. मला दाट संशय आहे, सासूच्या होकारावर नर्सने तुला तांबी बसवली. तू एक अक्षर कळवलं नाहीस, म्हणून संशय वाढला. फोन करत नाही, तुमच्याकडे तो स्पीकरवरच उचलतात. तक्रार लिहून ठेवली आहे. पुढच्या सोमवारी रोह्याला येऊन दवाखान्यात देते.

लोभ आहेच, उत्तर आलं तर टिकेल.
दीनाआत्या

रोहा, ५ डिसेंबर

ती. दीनाआत्यास शालोम.

तक्रार देऊ नकोस. तांबी बसवली आहे, पण मला विचारून. नर्स इंदुबाई मला पडद्याआड नेऊन म्हणाल्या, सासूचं ऐकलं, आता तुझं सांग. गोळ्या, इंजेक्शन, तांबी, सगळं समजावलं. हवी तेव्हा काढता येते, हेही. फॉर्म मी दोनदा वाचला, तुझ्या धाकाने. सही माझीच.

बाळंतपणात किती रक्त गेलं, तू पाहिलंस. डॉक्टर तीन वर्षं थांब म्हणाले. सासूबाईंना वर्षात नातू हवाय. नवरा म्हणून रूबेनला ठाऊक आहे, पण आईंपुढे तो गप्प. तुझ्या तक्रारीची चौकशी घरी आली, तर आई मला दुसऱ्या दिवशी तांबी काढायला नेतील.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
शीरा

पेण, ९ डिसेंबर

चि. सौ. शीरास अनेक आशीर्वाद.

तक्रार फाडली. दोन पानी इंग्रजी होती, झकास उतरली होती. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना कागद फाडायला जड जातं. इंदुबाईंवरचा संशय मागे घेते, रूबेनवरचा नाही. पुढची तपासणी चुकवू नकोस. पोटात फार दुखलं, अंगावरून जास्त गेलं, तर तडक जा.

डेबोराबाईंचा पुन्हा फोन होता. एलियाहला मार्चचं तिकीट मिळालंय, पाळणा लांबवला ते बरंच झालं म्हणाल्या. मीही बरंच झालं म्हटलं.

नातवाचा विषय निघाला की त्यांना माझ्याकडे पाठव. नर्सने रीतसर विचारलं होतं, आणि पहिला होकार त्यांचाच होता.

लोभ वाढतो आहे, तू फक्त जप.
दीनाआत्या