भिंतीकडची बाजू

४ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. झोपून लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. बसून लिहिलं तरी ते असंच येतं.

पाठ गेली. इस्पितळाच्या धुलाईघरात यंत्रातून ओल्या चादरींचा गठ्ठा काढताना आत कटकन झालं आणि मी फरशीवर बसले ती उठेचना.

हे काम आम्ही कायम जोडीने करायचो. एकीने ‘हं’ म्हणायचं, दोघींनी उचलायचं. माझ्या जोडीला ती लांबच लांब बाई, जिला सगळ्या उंटीण म्हणतात. कामाला वाघ, पण एक खोड वाईट. रोज माझ्या आधी घुसून भिंतीकडची जागा पटकावायची. तिथे पंखा आहे ना! मी इतकी वर्षं टोचून बोलले, ती ढिम्म. मग नव्या मुकादमाने जोड्याच मोडल्या, एका यंत्राला एक बाई. एकटीला भिंतीकडूनच काढावं लागतं, कारण यंत्राचं दार दुसऱ्या अंगाला उघडतं. महिनाभरात पाठीने हात टेकले.

आता मालक म्हणतात, पाठ आधीपासूनच दुखरी होती, आमचा काय संबंध? भरपाई नाही मिळाली तर उपचार नाहीत, आणि घरात कमावती मी एकटी. सुनावणी आहे. तुझ्या यजमानांना कायद्याचं विचारून कळव, लवकर. उगाच चार पानं खरडत बसू नकोस.

पोरांना पापे. तुझ्यावर माया आहे ती आहेच, विचारत जाऊ नकोस.

तुझी आडवी झालेली
ताई


११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तू आजारी पडतेस हेच मला पटत नाही. तापाने फणफणलेली असायचीस तेव्हाही आम्हालाच ओरडायचीस.

यांना विचारलं. कायदा बघावा लागेल म्हणाले आणि पेपर वाचायला बसले. तेव्हा माझंच ऐक. लग्नाआधी माळ्यावरून पडलीस, ते तोंडातून काढू नकोस. कुणी विचारलं तर सरळ नाही म्हण. जुनं दुखणं कळलं की ते हात झटकून मोकळे होतील. तुझं तोंड फाटकं, ते त्या दिवसापुरतं शिवून ठेव, हात जोडते.

धाकट्याचा दात पडला. गिळला की काय म्हणून सगळं घर पालथं घातलंय.

लोभ वाढवावा, राग तेवढा आवरावा.

तुझी
धाकटी


२ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं ऐकलं नाही. मालकाच्या वकिलाने विचारलं, आधी कधी पाठीला लागलं होतं का. मी म्हटलं, हो, माळ्यावरून पडले होते, आणि ट्रंकेतला जुना एक्स-रे त्याच्यासमोर ठेवला. तो असा खूश झाला, जसं काही मी त्याला लाडूच दिला.

मग डॉक्टरांनी जुना एक्स-रे आणि नवा एमआरआय, दोन्ही दिव्याच्या पाटीवर लावले. धाकटे, मी बघतच राहिले. मणक्यावर मणका, कुणी हलक्या हाताने कप रचावेत तसे. हे माझ्या आत इतकी वर्षं उभं होतं, आणि मी त्याच्यावर नुसती खेकसत होते! जुन्यात एक मणका जरासा सरकलेला, पण जागच्या जागी शांत. नव्यात त्याच्याखालची गादी बाहेर आलेली, शीर दाबणारी.

वकील म्हणाला, बघा, जुनंच दुखणं. निकाल देणाऱ्या बाईंनी त्याला गप्प केलं. म्हणाल्या, माणूस कामावर जसा येतो तसाच धरायचा. दुखरी पाठ घेऊन ही बाई काम करत होती, त्या कामाने दुखणं वाढवलं का, एवढंच मला बघायचंय. मग त्यांनी विचारलं, इतकी वर्षं निभावलं, मग आत्ताच काय बिघडलं?

तेव्हा मागे बसलेली उंटीण उठली. म्हणाली, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हिला भिंतीला हात टेकून बादली उचलताना पाहिलं आणि समजले. भिंतीकडून गठ्ठा काढताना कंबर पिळावी लागते, आणि पाणी तिकडेच उतरतं म्हणून ओझंही तिकडेच जास्त. म्हणून ती बाजू मी हिला कधी धरू दिली नाही. जोडी मोडली आणि ही तिथे उभी राहिली. दुसरं काही झालं नाही.

पंख्याचा वारा तिथे लागतच नाही, हे मला एकटीने काम करताना कळलं होतं. तरी डोक्यात प्रकाश पडला नव्हता. बाईंनी तिला विचारलं, हे हिला कधी सांगितलं का नाही? ती म्हणाली, सांगितलं असतं तर हट्टाने तीच बाजू धरली असती.

मी मान डोलावली. धरलीच असती!

भरपाई मंजूर झाली. उपचार होतील, आणि बरी होईपर्यंत पगार. पण मला त्या खोलीतलं दुसरं काही आठवत नाही. ती लांबडी बाई हात बांधून उभी, एवढंच दिसतं. देवळात गेल्यावर होतं तसं काहीतरी झालं होतं, आणि तुला माहीत आहे मी देवळात किती जाते.

बाहेर आल्यावर मी पिशवी उचलायला वाकले. अजून ‘हं’ म्हटलंही नव्हतं, तोवर तिने एक बंद धरला होता.

माया पोचती कर पोरांना, आणि यजमानांना सांग, कायदा बघून झाला.

तुझी
ताई